काजळीवर कोण बसणार

प्रदर्शनाच्या सकाळी गावातले घोडे वेणीवालीच्या दारात रांग लावून उभे राहत. ही रीत तिच्या लग्नापासूनची. त्याआधी जो तो आपापल्या घोड्याची आयाळ कशीबशी विंचरून मैदानात न्यायचा. ती या घरात आली आणि पहिल्याच वर्षी तिने नवऱ्याच्या घोडीची आयाळ ओली केली, तिच्या बटा पाडल्या, सुईदोऱ्याने टाके घालत मानेवर एकेक गुंडाळी अशी बसवली की परीक्षक घोडीभोवती पुन्हा पुन्हा फिरले. पुढच्या वर्षी शेजारचे चार घोडे दारात आले, त्याच्या पुढच्या वर्षी सगळे. तेव्हापासून तिचं नावच वेणीवाली पडलं. गावातल्या बाया म्हणायच्या, "आम्हाला फणी फिरवायला फुरसत नाही आणि घोड्यांचे बघा कसे अंबाडे!"

यंदा मात्र दार उघडेल की नाही, याची कोणाला खात्री नव्हती. विचारायचं कसं, हाही प्रश्नच. शेवटी सगळ्यांनी मिळून बेकरीवाल्या मावशीला पुढे केलं. मावशी पाव द्यायच्या निमित्ताने आली, इकडचं तिकडचं बोलली, घसा खाकरला आणि म्हणाली, "यंदा घोडे... म्हणजे, तुला जमणार नसेल तर..."

"आणा की," वेणीवाली म्हणाली. पाव घेऊन तिने दार लावलं.

उन्हाळा लागायच्या सुमारास तिचा नवरा गेला होता. गावातला सगळ्यात चांगला स्वार. शर्यतीचं मैदान दोन वेळा मारलेला. त्या दिवशी नेहमीसारखा पहाटे सरावाला निघाला आणि ओढ्याच्या वळणावर त्याच्या घोडीचा, काजळीचा, पाय घसरला. घोडी पडली, उठली, अंग झाडून उभी राहिली. तो उठला नाही.

बातमी घेऊन नालबंद आला तेव्हा वेणीवाली गाजरं सोलत होती. तिने ऐकून घेतलं, हातातलं गाजर शेवटपर्यंत सोललं आणि मगच सुरी खाली ठेवली. नालबंद काही वाईट माणूस नव्हता, पण ही गोष्ट त्याच्या पोटात राहिली नाही. गावभर झाली. पुढे लोक भेटायला येऊ लागले तेव्हा आधी तिच्या डोळ्यांकडे बघायचे. डोळे कोरडे. सासरा मात्र ढसाढसा रडायचा, येईल त्याच्या गळ्यात पडून रडायचा. लोक त्याचं सांत्वन करायचे आणि जाताना दारात कुजबुजायचे, "हिचं काळीज दगडाचं का काय?"

तिच्या कानावर ते यायचं. ऐकून ती मनातल्या मनात विचार करायची की खरंच असेल. अंगाखाली दबून हात बधिर व्हावा, तशी ती सबंध बधिर झाली होती. हाताला निदान मग मुंग्या येतात. तिला त्याही येत नव्हत्या. चहा गरम आहे हे कळायचं, गोड आहे हे कळायचं नाही. सकाळी उठून ती काजळीला खरारा करायची, लीद काढायची, पाणी द्यायची, घरी येऊन स्वयंपाक करायची, सासऱ्याला वाढायची. कधीकधी भांडं घासता घासता ती आपल्याच हाताकडे बघायची आणि वाटायचं, बरा चाललाय की कोणाचा तरी हात.

सासरा खोगीरं करायचा. घराच्या खालच्या खोलीत त्याचं दुकान होतं. कातडं, मेणदोरा, तेल यांचा वास जिन्याने वर यायचा आणि उशीलासुद्धा लागायचा. घरात तिघंच उरली होती: सासरा, ती आणि नणंद. नणंदेला सगळे चिमणी म्हणत, कारण अंगापिंडाने ती होतीच तशी. दुधाच्या डेअरीत कामाला जायची. भावाने तिला चालता येण्याआधी घोड्यावर बसवलं, असं घरात गंमतीने म्हणायचे. शर्यतीत मात्र ती कधी उतरली नव्हती. भाऊ असताना प्रश्नच नव्हता.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. एका संध्याकाळी जेवताना चिमणी म्हणाली, "यंदा काजळीवर मी बसणार."

सासऱ्याचा हात ताटातच थांबला. "प्रदर्शनात ना? बस. फिरव चार चकरा."

"शर्यतीत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे."

"ती घोडी मी विकणार आहे! तिचं तोंड बघायची इच्छा नाही मला. आणि तू तिच्यावर..." तो पाणी प्यायला, तेही ठसका लागून बाहेर आलं. "एक गेला तेवढा पुरे नाही झाला का गं तुला?"

"घोडी तुमची नाही, बाबा. दादाची होती. आता वहिनीची आहे. नाव द्यायला मालकाचं हो लागतं." चिमणी वेणीवालीकडे वळली. "वहिनी, तू सांग."

दोघंही तिच्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं की इथे माणसाला काहीतरी वाटायला हवं. भीती तरी, नाहीतर राग. ती थोडा वेळ थांबली. काही आलं नाही.

"बसू दे," ती म्हणाली.

सासरा ताटावरून उठला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. चहा ठेवला की पेला उचलून तोंड फिरवायचा.

दुसऱ्या दिवशी चिमणी तबेल्यात आली. वेणीवाली घोडीचे खूर साफ करत होती. चिमणी भिंतीला टेकून उभी राहिली आणि विचारल्याशिवायच सांगायला लागली.

"गावात हिला कोणी हात लावत नाही, बघितलंस? नालबंद नाल ठोकतो तोसुद्धा तोंड दुसरीकडे करून. हिने काय मुद्दाम केलं का? ओल्या मातीवरून पाय घसरला. मुकं जनावर बिचारं." तिने काजळीच्या कपाळावर हात ठेवला. "आणि दुसरं म्हणजे... मी रोज डेअरीतून येताना ओढ्याकडे जाते आणि वळणाआधीच मागे फिरते. रोज. मला तिथून एकदा पलीकडे जायचंय, वहिनी."

"बरं."

"बरं? एवढंच?"

"अजून काय म्हणू?"

"रागाव तरी. नको जाऊस म्हण. मरशील म्हण."

वेणीवालीने खूर खाली ठेवला आणि दुसरा उचलला. "मी नको म्हणावं असं तुला वाटतंय का?"

चिमणीने विचार केला. "नाही."

"मग बरं."

चिमणी हसली. नंतर हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती बाहेर निघून गेली. वेणीवालीने चारही खूर साफ केले.

प्रदर्शनाच्या दिवशी उजाडताच घोडे आले. एरवी या रांगेत नुसता कल्ला असायचा. कोणाचा घोडा कोणाच्या घोड्याला चावतो, कोणी शिव्या देतंय, कोणी चहा वाटतंय. आज सगळे हळू आवाजात बोलत होते, जणू आत कोणी आजारी होतं. वाण्याचं तट्टू आलं, डॉक्टरांची पांढरी घोडी आली, पोस्टमनचा तांबडा आला. तो नेहमीसारखाच अस्वस्थ, जागच्या जागी नाचणारा. वेणीवाली पालथ्या खोक्यावर उभी राहून एकेकाची आयाळ ओली करत होती. बोटं आपोआप चालत होती. बट घ्यायची, तीन भाग करायचे, घट्ट ओढायचं, गुंडाळायचं, टाका. तिच्या मनात काहीच नव्हतं आणि त्यामुळेच की काय, काम यंदा कधी नव्हे इतकं नीटस होत होतं.

"सुंदर," पोस्टमन म्हणाला. मग सुंदर हा शब्द या घरासमोर बोलायला नको होता असं वाटून त्याने जीभ चावली.

शेवटी काजळी राहिली. तिची आयाळ होता होता सासरा दुकानातून बाहेर आला. त्याच्या हातात खोगीर होतं. मुलाचंच जुनं खोगीर, पण उसवून, कापून, पुन्हा शिवून लहान केलेलं. गेले काही दिवस दुकानातून हातोडीचा आवाज येत होता, तो कशाचा हे आता कळलं. त्याने कोणाकडे न बघता खोगीर घोडीच्या पाठीवर चढवलं, पोटाखालचा तंग आवळला, दोन बोटं घालून पाहिला, पुन्हा आवळला.

"पाय," तो म्हणाला.

चिमणीने पाय वर केला. त्याने रिकिबीचा पट्टा तिच्या पायाच्या मापाने घेतला, आरीने नवं भोक पाडलं. मान खाली घालूनच बोलत राहिला.

"टाच खाली ठेवायची. तोंडाशी ओढाओढ करायची नाही, तिचं तोंड हलकं आहे. ओढ्याच्या वळणावर आत घुसायचं नाही. बाहेरून जा. सगळे पुढे गेले तर जाऊ देत. हरलीस तर हरलीस. घरी यायचं."

"हो बाबा."

"हो बाबा म्हणतेस आणि करतेस मनाचंच." त्याने डोळे पुसले आणि पुन्हा दुकानात गेला. पण दार उघडंच ठेवलं.

सकाळचं प्रदर्शन दरवर्षीसारखं झालं. घोडे गोल रिंगणात चालवले, दुडक्या चालीने पळवले, परीक्षकांनी दात बघितले, पाय उचलून बघितले. काजळीला नीटनेटकेपणाचं दुसरं बक्षीस मिळालं, रिबिनीचं फूल लावलेलं पदक. ते घ्यायला वेणीवाली पुढे गेली तेव्हा टाळ्या वाजल्या, आधी चुकत माकत आणि मग नको इतक्या जोरात. परीक्षक बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या हिमतीचं..." त्या म्हणाल्या. वेणीवाली म्हणाली, "थँक्यू." तिला बाईंचे हात थंड लागले. बस तेवढंच.

शर्यत दुपारी होती. मैदानाच्या टोकापासून निघायचं, झाडांच्या रांगेमागून ओढ्याकडे जायचं, वळण घेऊन परत मैदानात यायचं. वेणीवाली दोरीला लागून उभी होती. शेजारी बेकरीवाली मावशी. सासरा जरा मागे, गर्दीत, जिथून काही दिसणार नाही अशा जागी मुद्दाम उभा राहिलेला.

लाउडस्पीकरवर शाळेचे मास्तर बोलत होते. दरवर्षी तेच बोलायचे आणि दरवर्षी घोड्यांच्या आधी त्यांनाच धाप लागायची. "निशाण पडलं! घोडे सुटले! तांबडा पुढे, डॉक्टरांची पांढरी मागोमाग, आणि काजळी... काजळी तिसरी!"

टापांचा आवाज जमिनीतून पायांत आला. घोडे समोरून गेले. चिमणी खोगीरावर इतकी वाकली होती की नुसती घोडीच पळतेय असं वाटत होतं. वेणीवालीच्या मनात आलं, दुसऱ्या गुंडाळीचा टाका सैल पडलाय. मग घोडे झाडांच्या मागे गेले.

"आई गं," मावशी म्हणाली आणि तिचा दंड धरला.

झाडं संपली की वळण. तिथे घोडे पुन्हा दिसायला लागले, लांब, खेळण्यांएवढे. काजळी बाहेरून येत होती, बापाने सांगितलं होतं तशी. पण पोस्टमनचा तांबडा भडकला. वळण न घेता तो सरळ सुटला आणि काजळीच्या बरगडीवर जाऊन आदळला. काजळी धडपडली, सावरली. तिच्या पाठीवरून काहीतरी उडालं आणि गवतात पडलं.

यानंतरचं वेणीवालीला आठवत नाही. लोकांनी सांगितलं ते असं: ती दोरीखालून गेली. ओरडली नाही, कोणाला हाक मारली नाही. मैदान आडवं कापत सुटली ती थेट ओढ्याकडे. तरणी पोरं मागे राहिली, डॉक्टर मागे राहिले, स्ट्रेचर धरलेली दोन माणसं तर कुठल्या कुठे राहिली. मागचे दोन घोडे तिच्या अंगाजवळून गेले, तिने वळूनही पाहिलं नाही.

लाउडस्पीकरवर मास्तर गोंधळून गेले होते. "काजळी... काजळी पुढे चाललीय... काजळी पहिली! पण स्वार... स्वार..." आणि मग नुसती खरखर. रिकामी घोडी, रिकिबी पोटावर आपटत, सगळ्यांच्या आधी शेवटची रेघ ओलांडून गेली होती.

वेणीवालीला आठवतं ते इथून पुढे. ती गवतात गुडघ्यांवर बसली होती. चिमणी उताणी पडली होती, तोंडाला चिखल, डोळे उघडे.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"वहिनी, खांदा..."

"हलू नकोस म्हटलं ना. पायाची बोटं हलव."

"बुटात आहेत. तुला दिसणार कशी?"

"तू हलव. मला कळेल." तिने दोन्ही हात बुटांवर दाबून धरले. कातड्याखाली काहीतरी वळवळलं. उजव्या पायात, मग डाव्या. "हलली," ती म्हणाली. "दोन्ही पायांची हलली."

मग डॉक्टर पोचले, लोक पोचले. सगळ्यांच्या मागून सासरा आला. तो मुलीजवळ बसला नाही. उभ्या उभ्या त्याने सुनेच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि तसाच राहिला, बाजारात हरवलेलं पोर धरतं तसं.

"जिवंत आहे, बाबा," ती म्हणाली. "हाड मोडलंय. खांद्यापाशी."

त्याने मान हलवली. पण टोक सोडलं नाही.

इस्पितळात चिमणीला आत नेल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर बसली. भिंत हिरव्या रंगाची, खालून पोपडे आलेली. तिथली नर्स वेणीवालीकडे बघून थबकली. "अहो, तुमचा पाय!" वेणीवालीने खाली बघितलं. एक चप्पल नव्हती. तळवा फाटला होता आणि फरशीवर रक्ताचे ठसे दारापासून बाकापर्यंत आले होते. नर्सने जखम धुतली, औषध लावलं. "झोंबेल हं," ती म्हणाली. झोंबलं नाही.

नर्स गेल्यावर सासरा कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलला.

"कशी धावलीस गं तू!"

"मला आठवत नाही."

"आख्ख्या गावाने बघितलं." तो हाताचे तळवे चोळत राहिला. कातडं कापून कापून ते काळे पडले होते. "मी नालबंदाजवळ एकदा म्हणालो होतो. की माझा पोरगा गेला आणि हिच्या डोळ्यातून टिपूस नाही."

"माहीत आहे मला."

"वाईट वाटलं असेल."

"नाही वाटलं." ती थांबली. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. "वाईट वाटतच नाही, बाबा. काहीच वाटत नाही. तुम्ही रडता, मग जेवता, मग पुन्हा रडता. मी आत बघायला जाते तर दार बंद. पलीकडून आवाजसुद्धा येत नाही. चिमणी पडली तेव्हा मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. तेव्हाही नाही झालं. नुसते पाय पळाले."

 आता तो धीर देईल, वेळ जाऊ दे म्हणेल, असं तिला वाटलं. सगळे तेच म्हणायचे.

"मग नको बघायला जाऊस," तो म्हणाला. "बंद आहे तर असू दे बंद. मी कोणाला बोलू देणार नाही. मीही बोलणार नाही."

"बरं."

"पाय पळाले ना? बास झालं."

थोड्या वेळाने त्यांना आत बोलावलं. चिमणीचा हात छातीशी बांधला होता, ओठ पांढरे पडले होते.

"काजळी?" तिने पहिलं हेच विचारलं.

"पहिली आली," वेणीवाली म्हणाली.

"खरंच? मग?"

"मग काय? तू नव्हतीस ना वर. स्वाराशिवाय धरत नाहीत."

"म्हणजे मी नसले की पहिली येते!" चिमणी हसायला गेली आणि कळवळली. "आई आई आई. हसवू नका गं. पण वळण पार केलं मी. अर्धं तरी. बाबा, अर्धं केलं की नाही?"

"केलंस, केलंस," बाप म्हणाला. "उरलेलं अर्धं आता घोडीने केलं तेवढ्यावर समाधान मान. पुन्हा नाव काढलंस तर दुसरा खांदा मी मोडेन." आणि मग तो नेहमीसारखा रडला. चिमणीने चांगल्या हाताने त्याचं डोकं थोपटलं.

काजळीला पोस्टमन घेऊन आला होता. मैदानात तिला लोकांनी गराडा घातला होता म्हणे. जे हात लावत नव्हते तेच मानेवर थापा मारत होते, पोरांना उचलून दाखवत होते. सासरा इस्पितळातून आला तो घरात न जाता तबेल्यात गेला. मुलगा गेल्यापासून त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आत जाऊन काय केलं कोणास ठाऊक, पण बाहेर आला तेव्हा म्हणाला, "बरगडीला सूज आहे. गुरांच्या डॉक्टरला दाखवायला हवं. आणि तोबऱ्यात चंदी कमी घालतेस तू. घोडी आहे, बकरी नाही." विकायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

चिमणीची खोली वर माळ्यावर होती. बांधलेल्या हाताने शिडी चढता येईना, म्हणून तिला वेणीवालीच्या खोलीत ठेवलं. पलंगाची जी बाजू उन्हाळ्यापासून रिकामी होती, तिथे तिच्यासाठी उशांची चळत लावली. वेणीवालीने त्या लावल्या, चादर ताणली, कोपरे खोचले. आपल्याला आता काहीतरी होईल का म्हणून ती क्षणभर थांबली. नाही झालं. तिने उशी थोपटून सारखी केली.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी ती जरा आडवी झाली. पायाची जखम भरत आली होती. खाली सासऱ्याची हातोडी ठोक ठोक चालली होती. शेजारी चिमणी औषध घेऊन झोपली होती, उताणी, तोंड उघडं टाकून, आणि घोरत होती. एवढ्याशा देहातून करवतीसारखा आवाज. मध्येच थांबायचा, आता संपलं वाटायचं, आणि दुप्पट जोराने पुन्हा सुरू.

वेणीवालीने कूस बदलली. उशी कानावर घेतली. पुन्हा कूस बदलली. पोटातून काहीतरी वर वर यायला लागलं. आधी तिला ओळखू येईना. जबडा आवळला गेला, कान गरम झाले. राग येत होता तिला. साधा, घरगुती, स्वच्छ राग. झोपमोड झाल्यावर कोणालाही येतो तसा.

"चिमणे!" तिने नणंदेच्या कमरेला कोपराने ढोसलं. "कुशीवर हो!"

चिमणी दचकून जागी झाली. "काय झालं?"

"घोरतेस! तासभर झाला! माणसाने झोपायचं की नाही?"

"कुशीवर कशी होऊ? हाड मोडलंय माझं!"

"मग तोंड मीट!"

चिमणी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. वहिनीचा हा आवाज तिने उन्हाळ्यापासून ऐकला नव्हता. तिने निमूटपणे तोंड मिटलं, डोळे मिटले.

थोड्याच वेळात ती पुन्हा घोरायला लागली. वेणीवाली तावातावाने उठली, उशी बगलेत मारली आणि यापेक्षा हातोडी परवडली म्हणत झोपायला खाली दुकानात निघाली.